गुगलरावांचा कॅमेरा

महाराष्ट्रात सध्या सर्वांत जास्त छापून येणारे छायाचित्रकार म्हणजे श्री. गुगल. कासच्या पठारावर तेरडा फुलला की गुगलराव हजर, आणि त्याच सकाळी ताडोबात वाघही त्यांनीच टिपलेला. ते दमले की धाकटे बंधू ‘इंटरनेट’ येतात. चुलते ‘प्रातिनिधिक’ जरा विसरभोळे. परवा वऱ्हाडातल्या कापसाच्या बातमीला त्यांनी निमुळती बांबूची टोपी घालून भातखाचरात उभा असलेला शेतकरी पुरवला.

तसे आपण नावाच्या बाबतीत कंजूष नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं. पंखा बंद असला की वाचता येतं. स्टीलच्या वाटीवर तारखेसकट नाव कोरतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस शुभेच्छुक मावतात. ज्यानं साहेबांना गॉगल लावून उभं केलं, तो फोटोवाला तेवढा मावत नाही.

कायदा आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यातलं कलमही ५७, म्हणजे पाठांतराची सोय सरकारनंच केलेली. हक्क विकून टाकले तरी ‘ही कृती माझी’ असं सांगायचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे बहुतेक परवाने तर म्हणतात, फोटो फुकट घ्या, पण नाव आणि परवाना लिहा. ‘फुकट’नंतरचा मजकूर आम्ही वाचत नाही. अनस्प्लॅशवर नावाची सक्ती नाही, नुसती विनंती आहे. विनंतीचं काय घेऊन बसलात, पुण्यात हेल्मेटची सक्ती आहे.

फोटोवाल्यांपेक्षा जास्त चौकशी झाली ती एका माकडाची. सुलावेसी बेटावर डेव्हिड स्लेटर यांच्या कॅमेऱ्याचं बटण एका माकडानं दाबलं, आणि २०११ मध्ये तो दात विचकलेला सेल्फी जगभर छापून आला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्राणिहक्क संघटनेनं माकडाच्या वतीनं दावा ठोकला. माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही, हे अपिलात ठरायला २०१८ उजाडलं. आमच्या गावच्या लग्नाच्या फोटोग्राफरला एवढे वकील कधी मिळाले नाहीत.

हे लिहून पाठवलं, तर उपसंपादकांचा फोन. “सर, सोबत माकडाचाच सेल्फी लावतोय.”

“लावा. पण खाली ‘गुगल’ नको हं.”

“छे छे, तुमचा लेख वाचलाय ना. नाव देतोय.”

“कोणाचं?”

“सौजन्य : माकड.”