बालसाहित्याचे अभ्यासक व्हा, लेकराला न विचारता

बालसाहित्याचा अभ्यास हा निवृत्तीनंतरचा सर्वांत सोपा उद्योग आहे, असा समज सर्वदूर आहे. तो अधिक पक्का व्हावा म्हणूनच ही मार्गदर्शिका. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, होऊ घातलेले, किंवा ड्युटी संपवून क्वार्टरमध्ये परतल्यावर काय करावं हे न सुचणारे अशा भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या सर्व नवशिक्यांना ती उपयोगी पडेल. पात्रता एकच : तुम्ही कधीकाळी लहान असायला हवं. ज्यांना ते आता आठवत नाही, त्यांना प्राधान्य.

साहित्य : चष्मा एक. लाल पेन एक. बालपुस्तकं चार-पाच. मूल एक (ऐच्छिक, शक्यतो झोपलेलं).

पायरी १ : तात्पर्य हुडका

पुस्तक शेवटच्या पानावर उघडा. तात्पर्य दिसलं की पुस्तक चांगलं, नाही दिसलं की वाईट. मधली पानं वाचायची गरज नाही. या पद्धतीला मोठी परंपरा आहे. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती आली आणि त्यांचंच ‘बाळमित्र’ही. मराठी मुलाच्या हाती छापील गोष्ट पडली ती अशी उपदेशासकट. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, तरी कोल्ह्याला द्राक्षं मिळालेली नाहीत आणि मुलांची सुटका झालेली नाही.

मध्येच काही मंडळी घोटाळा करतात. विंदा करंदीकरांनी १९६१ मध्ये ‘राणीची बाग’ लिहिली आणि प्राण्यांना खुशाल वाटेल तसं वागू दिलं. असं पुस्तक हाती आलं तर घाबरू नका. शेवटच्या कोऱ्या जागेत ‘प्राणिमात्रांवर दया करावी’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि पुढे सरका.

*सुरक्षा सूचना :* स्फोटकांच्या कारखान्यात आगपेटी घेऊन शिरता येत नाही, ती गेटवरच ठेवावी लागते. तात्पर्यही असंच गेटवर ठेवून पुस्तकात शिरणारे काही लोक असतात. त्यांच्यापासून लांब राहा. ते पुस्तक वाचतात.

पायरी २ : भाषा शुद्ध करा

आता लाल पेन उघडा. गोष्टीतलं पोरगं ‘काऊन’ म्हणालं तर त्याखाली रेघ मारून ‘का’ लिहा. बोडी, बांधी, पऱ्हे, दंडार असे इकडच्या झाडीबोलीतले शब्द दिसले तर ‘मुलांना कळणार नाहीत’ असा शेरा द्या. भंडारा जिल्ह्यातल्या मुलाने धानाचे पऱ्हे रोवताना पाहिलेत की पुण्यातल्या वाड्याची माडी पाहिली आहे, ही चौकशी करत बसू नका. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर आयुष्य वेचलं, हे खरं. पण तुम्हाला आयुष्य वेचायचं नाही, संध्याकाळ घालवायची आहे.

लेखकांबद्दल एवढंच लक्षात ठेवा : मुलांसाठी लिहिणं सोपं, कारण वाक्यं छोटी असतात. मग भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालवण्यात, ज्यूल व्हर्न मराठीत आणण्यात आणि फास्टर फेणेला पुस्तकामागून पुस्तक सायकलवर पळवण्यात इतकी वर्षं का घालवली, हे कोडं सोडवू नका. माधुरी पुरंदरे ‘राधाचं घर’मध्ये एका मुलीकडून तिच्या घरातल्या माणसांची ओळख करून देतात. ना राक्षस, ना परी, ना शोधलेला खजिना. तरी मुलं ती पुस्तकं पुन्हा मागतात. याचं कारण शोधायला गेलात, तर वाक्य न् वाक्य मोठ्याने वाचून बघावं लागेल आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू जाईल.

पायरी ३ : चित्रं ओलांडा

चित्रं जागा खातात. ती भरभर उलटा. चित्रकाराचं नाव बहुधा आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं, तिथेच राहू द्या.

काही अतिउत्साही अभ्यासक एक प्रयोग करतात, तो कटाक्षाने टाळावा. ते मजकुरावर हात ठेवतात आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का ते बघतात. मग चित्रं झाकून नुसता मजकूर वाचतात. दोन्ही वेळा सारखीच गोष्ट कळली, तर चित्रकाराने फक्त हुकूम पाळला असं त्यांचं मत होतं. मजकूर ‘आई रागावली नाही’ म्हणतो आणि चित्रातल्या आईच्या भुवया वेगळंच सांगतात, तिथे ते थांबतात आणि हसतात. एकेका पानावर पाच-पाच मिनिटं जातात. अशाने चार-पाच पुस्तकांचा फडशा एका बैठकीत कसा पडायचा?

पायरी ४ : प्रकाशनाकडे काणाडोळा करा

‘एवढंसं पुस्तक आणि एवढी किंमत!’ हे वाक्य पाठ करा. प्रकाशनाचा अभ्यास इथे संपतो.

ज्यांना संपवायचा नाही, ते पानं मोजतात. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि पाठीमागे आठ पानं छापून घडी घातली की सोळा पानांचा एक फॉर्म होतो. म्हणून बालपुस्तकं सोळा, चोवीस, बत्तीस पानांची असतात. लेखकाची गोष्ट सतराव्या पानावर गेली की संपादक कात्री घेतो. रंगीत छपाईला निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार प्लेटा लागतात. पाचशे प्रती काढा की पाच हजार, त्या प्लेटांचा खर्च तेवढाच. त्यामुळे आवृत्ती छोटी असली की प्रत महाग पडते.

यावर एक युक्ती आहे. एकच चित्रपुस्तक अनेक भाषांत काढायचं, मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवायचा आणि भाषा बदलताना तेवढी काळी प्लेट बदलायची. १९५७ साली सुरू झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही मालाही अशीच अनेक भाषांतून मुलांपर्यंत जाते. अशा चित्रांत दुकानाची पाटी पुष्कळदा कोरी दिसते, कारण पाटीवर रंगात अक्षरं काढली तर ती सगळ्या भाषांत तशीच राहणार. आपल्या वसाहतीत नोकरीनिमित्त चहूकडचे लोक आलेले. शेजाऱ्याकडून तेच पुस्तक हिंदीत, तेलुगूत किंवा बंगालीत मागून आणून शेजारी शेजारी ठेवता येईल, कुठे काय बदललं ते बघता येईल. पण त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

पायरी ५ : मूल्यमापन

हा सर्वांत सोपा भाग. मुखपृष्ठावर पुरस्काराची पट्टी आहे का बघा. असेल तर पुस्तक कपाटात ठेवा, म्हणजे खराब होणार नाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते : पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. मराठीतला पहिला अनिल अवचटांना, २०१४ चा माधुरी पुरंदरेंना. निवड मोठी माणसं करतात. फ्रान्समध्ये १९८८ पासून एक पारितोषिक आहे, त्यात मुलं पुस्तकं वाचून स्वतः मत देतात. असलं काही आपल्याकडे आणायला तूर्त विरोध करावा. मतदार आठ वर्षांचा असला की परीक्षकांनी काय करायचं?

पायरी ६ : मूल (ऐच्छिक)

मूल जागं झालं आणि पुस्तकाकडे आलंच, तर ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न लगेच विचारा. ते पुस्तक ठेवून खेळायला जाईल. अभ्यास निर्विघ्न पार पडेल.

नेहमीच्या शंका

*पुस्तकं कुठून आणायची?* जवळ दुकान नाही, ही सबब चांगली आहे, जपून वापरा. कारण बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात आणि ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकंही फुकट आहेत. हे कुणाला कळू देऊ नका.

*आधी काही वाचायला हवं का?* मालतीबाई दांडेकरांचं ‘बालसाहित्याची रूपरेखा’ वाचनालयात असेल तर ते दुसऱ्या कुणी घेण्याआधी आपल्या नावावर काढा. वाचण्याचं बंधन नाही.

*अभ्यासक झाल्याचं कसं ओळखायचं?* ‘आजकालची पोरं वाचतच नाहीत’ हे वाक्य न अडखळता म्हणता आलं की झालात.

एवढं सगळं करूनही ज्यांचं समाधान होणार नाही, त्यांनी ही मार्गदर्शिका उलटी वाचावी. जे करू नका म्हटलंय ते करावं : चित्रावर थांबावं, पानं मोजावीत, चित्रकाराचं नाव वाचावं, मुलाला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी आणि शेवटी काहीही विचारू नये. कोणत्या पानावर ते पुढे सरकलं आणि कोणत्या पानावर उठून गेलं, एवढं वहीत लिहावं. अशा पन्नास नोंदी जमल्या की तुमचं मत कोणत्याही परीक्षकाच्या मतापेक्षा हलकं नसेल. सुरुवात या रविवारीच करा. मूल घरात नसेल तर शेजारच्या क्वार्टरचं बोलवा. लाल पेन मात्र घरात ठेवू नका.