सोबती पंचवीस, कामाचे पाच

मुंबईतील मढच्या भाड्याच्या बंगल्यांत चित्रित होणाऱ्या कौटुंबिक मालिकांत दिवाणखाना भरलेला असतो, संवाद मोजक्यांनाच मिळतात. उरलेल्या काका-आत्यांनी पाळीपाळीने दचकायचे. तेवढ्यात व्यक्तिरेखा पूर्ण. काल्पनिक विश्वातले रोल-प्लेइंग गेमही हीच खोगीरभरती करतात. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये सोबती २५, नायकाबरोबर एका वेळी चालतात फार तर पाच. १९९९ च्या ‘क्रोनो क्रॉस’ने नायकासह ४५ जण जमवले. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत एकच वाक्य उच्चार बदलून अनेकांच्या तोंडी घालण्याची यंत्रणाच होती: वाक्य एक, स्वभाव पंचेचाळीस. ‘बाल्डर्स गेट’च्या २००० मधील दुसऱ्या भागाने सोबती घटवले आणि राहिलेल्यांना भांडणे, प्रेमप्रकरणे, स्वतंत्र मोहिमा दिल्या. मालिकांना ही काटकसर जमत नाही. तिथे काका परदेशी जातो, त्याच्या जागी दोन आत्या येतात.