काकांना अब्जाधीशांची काळजी

बोरीवलीत बाभईच्या भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस करणारे काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदम अब्जाधीशांचे वकील होतात. संपत्ती कराचं नुसतं नाव काढा, "म्हणजे आमचं घर काढून घेणार का?" म्हणून उसळतात. बेस्टचं किमान भाडं मे 2025 मध्ये 5 रुपयांवरून 10 वर गेलं, तेव्हा काका इतके उसळले नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये हिशेब मांडला, की देशातली 40 टक्के संपत्ती वरच्या 1 टक्का लोकांकडे आहे. मग सुचवलं, 10 कोटींच्या वरच्या संपत्तीवर वर्षाला 2 टक्के कर लावा. काकांचा वन बीएचके दलालाने कितीही फुगवून सांगितला, तरी 10 कोटी म्हणताना त्यालाही हसू फुटेल.

तसा संपत्ती कर आपल्याकडे 1957 पासून होता. 2015 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो गुंडाळला. कारण काय, तर वर्षाला जेमतेम 1,008 कोटी मिळतात आणि गोळा करायला खर्च फार! मिळणार कुठून? शेअर त्यातून नव्वदच्या दशकातच वगळलेले. जाळं वाळूत टाकायचं आणि मासळी नाही म्हणून कोळ्याने होडी विकायची, त्यातला प्रकार. बदल्यात कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांना 2 टक्के जादा अधिभार लावला, हे खरं. पण शेअर विकलाच नाही, नुसता फुगत राहिला, तर उत्पन्न कुठलं?

गंमत पुढेच आहे. संपत्ती कर खुद्द काकाच भरणार आहेत. महापालिका 2010 पासून मालमत्ता कर घराच्या भांडवली मूल्यावर लावते. तुमची पेन्शन किती, डाळ काय भावाने घेता, हे ती विचारत नाही. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून माफी आहे, म्हणून काका आजवर निर्धास्त. आता पुनर्विकासात त्यांना 540 चौरस फूट मिळतायत. पेढे वाटून झाले. माफी फक्त 500 पर्यंतच्या घरांना आहे. एकदा ओलांडलंत की वरच्या 40 वर नव्हे, अख्ख्या घरावर बिल.

आणि त्याच इमारतीत पेंटहाउस घेणाऱ्याच्या डीमॅट खात्यातल्या शेअरांवर, दरवर्षी, बाजारभाव बघून कर? छे, तो गोळा करायला फार खर्च येतो म्हणे.