शार्दूलाचा गुडघा

लहान चणीच्या कुत्र्यांत मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याची व्याधी पुष्कळ आढळते, पॉमेरेनियन आणि चिवावा ही कुळे त्याबद्दल विशेष प्रसिद्ध आहेत आणि पशुवैद्य तिच्या चार पायऱ्या मानतात, हे ज्ञान आमचा शार्दूल धावता धावता एक पाय उचलून तीन पायांवर दुडकू लागेपर्यंत आमच्या कुटुंबात कोणासही नव्हते. डॉक्टरांनी गुडघा चाचपून दुसऱ्या पायरीचा निवाडा दिला, काट्यावरील आठ किलोंकडे पाहून 'हे साडेसहा हवे' असा शेरा मारला आणि 'हवे तर एखादे जॉइंट सप्लिमेंट सुरू करा' असेही सुचविले. पहिला हुकूम कमी घालण्याचा आणि दुसरी केवळ सूचना, तीही अधिक घालण्याची. तेव्हा आमच्या घराने कशाची अंमलबजावणी तातडीने केली हे सुज्ञांस सांगणे नलगे.

दुकानातून आलेल्या प्रत्येक डब्यावर एक धिप्पाड कुत्रा अंतराळात झेपावत होता. आत काय आहे म्हणावे, तर ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, एमएसएम, न्यूझीलंडच्या समुद्रातील हिरव्या कालवांची भुकटी आणि आपली घरची हळद. मात्रा 'दहा किलो वजनास एक गोळी' अशी असल्याने आठ किलोंच्या शार्दूलासाठी गोळीचे चार पंचमांश करणे प्राप्त झाले, व त्या कामी आजोबांचा अडकित्ता दीर्घ निवृत्तीनंतर पुन्हा सेवेत रुजू झाला.

खरा पेच मातोश्रींच्या दरबारी पडला. चातुर्मासात कांद्यालाही उंबरा ओलांडू न देणाऱ्या या घरात, ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून आणि कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून काढतात, ही माहिती मी शक्य तितक्या मृदू स्वरात सादर केली. मातोश्रींनी क्षणभर विचार करून फर्मावले, "कुत्र्याला कसलं आलंय सोवळं? पण चमचा वेगळा ठेवा."

शेजारचे नाना तर स्वतःच्या गुडघ्यांच्या गोळ्याच घेऊन हजर झाले. माणसाला मानवणारे आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना घातक ठरते आणि झायलिटॉल ही गोडी तर त्याच्या जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी बजावले असल्यामुळे मी त्या गोळ्या साभार परत केल्या. नाना अद्याप रुष्ट आहेत.

या द्रव्यांच्या गुणाविषयी संशोधकांत एकमत नाही: ग्लुकोसामाइनचा पुरावा कच्चा, तर मत्स्यतेलातील ओमेगा-३ चा त्यातल्या त्यात पक्का. शिवाय कुत्र्यास निव्वळ पोकळ गोळी दिली तरी कित्येक मालकांना त्याची चाल सुधारलेली दिसते, हेही परीक्षणांत नमूद आहे. आमच्या सौभाग्यवती याही पुढे गेल्या. गुण यायचाच तर काही आठवडे लागतात असे डॉक्टर सांगत असता त्यांना तिसऱ्याच दिवशी लक्षणीय फरक जाणवला, आणि त्या दिवशी डब्याचे सील जसेच्या तसे होते.

अखेर मत्स्यतेल मंजूर झाले, तेही डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत, कारण तेल म्हणजे पुन्हा मेदच. परंतु लठ्ठ व लंगड्या कुत्र्यांचे वजन शेकडा ६ च्या आसपास उतरले तरी लंगडणे कमी होते असे आढळले आहे; शार्दूलाच्या बाबतीत हा हिशेब जेमतेम अर्ध्या किलोचा होतो. हा अर्धा किलो मातोश्रींची तूपपोळी, मुलांचे चीज आणि माझ्या चहातले बिस्कीट यांत समभागाने वाटला गेलेला असल्यामुळे आपला हिस्सा सोडण्यास कोणीही वारस तयार नव्हता, आणि महिनाभराच्या वाटाघाटींनंतर जो तह झाला त्याचे उल्लंघन मुख्यतः पाहुण्यांकडून होते. सबब आमच्या घरी येणाऱ्या सर्व स्नेह्यांस विनंती की, शार्दूलाने कितीही करुण मुद्रा केली तरी त्यास बशीतले काहीही घालू नये.