पानिपतचा भाव, भिवंडीचा हिशेब

हायड्रोजनची वीज करून चालणाऱ्या ट्रकच्या नळकांड्यातून धूर येत नाही, नुसतं पाणी येतं. ही बातमी वाचून भिवंडीकराला पहिली शंका आली असेल ती अशी की, हे पाणी जाणार कुठे? अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंतचे खड्डे तर आधीच भरलेले असतात.

तरी बातमी खरी आहे. मार्च २०२५ मध्ये नितीन गडकरी आणि प्रल्हाद जोशी या दोन केंद्रीय मंत्र्यांनी दिल्लीत टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकना झेंडा दाखवला. ट्रक सोळा, चाचणी चोवीस महिने. केंद्राने मंजूर केलेले असे एकूण पाच प्रकल्प. त्यांत मिळून ३७ गाड्या, ९ पंप आणि २०८ कोटी रुपये. मार्गांच्या यादीत पुणे–मुंबई आहे. बिल्टीवर ‘मुंबई’ लिहिलेला माल प्रत्यक्षात कुठे उतरतो, हे भिवंडीच्या गोदामवाल्यांना सांगायला नको.

या ३७ गाड्यांतली एक गंमत मात्र भाषणात येत नाही. हायड्रोजनपासून गाडीतच वीज करणाऱ्या फ्युएल सेलच्या गाड्या फक्त १५. उरलेल्या २२ गाड्यांत हायड्रोजन साध्या इंजिनातच जाळायचा आहे. म्हणजे ज्या तंत्रासाठी ढोल वाजले, त्याच्यावर ढोल वाजवणाऱ्यांचाही निम्म्याहून कमीच भरवसा!

तंत्रात खोट नाही. फ्युएल सेलचं तत्त्व विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्येच दाखवून दिलं होतं. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, मध्ये प्लॅटिनमचा हात फिरवलेला पातळ पडदा. वीज मिळते आणि पाणी बाहेर पडतं. आपल्या पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मिळून ऑगस्ट २०२२ मध्ये देशी फ्युएल सेलची बस करून दाखवली. डोकी आहेत, हात आहेत. घोडं अडतं ते हिशेबाच्या वहीत.

एक किलो हिरवा हायड्रोजन काढायचा तर पाणी फोडायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. मग तो हवेच्या ३५० पट दाबाखाली टाकीत कोंबायचा, पंपापर्यंत न्यायचा आणि शेवटी फ्युएल सेलमध्ये घालून त्याची पुन्हा वीज करायची. परत हाती येतात सोळा-सतरा युनिट. तीच पंचावन्न युनिट थेट बॅटरीत भरली असती तर चाळीसच्या वर चाकापर्यंत पोचली असती. भिवंडीहून ठाण्याला जायचं आणि वाटेत नाशिक करून यायचं, असा हा प्रवास आहे.

आता भाव. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीसाठी हिरव्या हायड्रोजनचा दर निघाला किलोला ३९७ रुपये. भाव फुटायला जागा तरी कुठली मिळावी! मराठी माणसाचा विश्वास पानिपतावर एकदा गेलेला आहे. ह्युंदाईचे हायड्रोजन ट्रक स्वित्झर्लंडमध्ये २०२० पासून धावतात. त्यांना बत्तीसेक किलोत चारशे किलोमीटर जाता येतं. म्हणजे शंभर किलोमीटरला आठ किलो. पानिपतच्या भावाने बत्तीसशे रुपये. भरलेला डिझेल ट्रक लिटरला साडेतीन-चार किलोमीटर दिला तरी त्याचं शंभर किलोमीटरचं डिझेल अडीच हजारांच्या आसपास बसतं. आणि ३९७ हा कारखान्याच्या दारातला भाव आहे. त्यावर दाबाचा, वाहतुकीचा आणि पंपवाल्याचा खर्च चढायचाच आहे. ट्रकची किंमत तर मी अजून काढलीच नाही.

भिवंडीला हे हिशेब शिकवायला जाऊ नये. या गावाभोवतीची गोदामं उभी राहिली त्यामागे स्वस्त जमीन होती आणि मुंबईची जकात होती. हद्दीबाहेर माल उतरवा, लागेल तसा आत न्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं तोवर गावांत मुरली होती. जकात वाचवून वसलेला धंदा पर्यावरणाच्या कौतुकापोटी दर शंभर किलोमीटरला सातशे रुपये जादा मोजेल, असं ज्याला वाटतं त्याने काल्हेरच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याशी भाड्याची घासाघीस करून पाहावी.

सरकारने मदत केली नाही असं नाही. महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण आणलं, ८,५६२ कोटींचं. त्यात पहिल्या ५०० हायड्रोजन गाड्यांना किमतीच्या ३० टक्के, जास्तीत जास्त ६० लाख रुपये अनुदान आहे. गाड्या कुठल्या? प्रवासी. मालट्रकवाला नेहमीप्रमाणे रांगेत मागे.

बाहेरच्या जगात डोकावावं तर तिथेही फारसा उजेड नाही. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बसची योजना २०२२ मध्ये गुंडाळली, कारण किलोमीटरमागचा खर्च विजेच्या बसच्या सहापट निघाला. शेलने कॅलिफोर्नियातले मोटारींचे हायड्रोजन पंप २०२४ मध्ये बंद केले. निकोला ही हायड्रोजन ट्रकची अमेरिकी कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मग फ्युएल सेल कुठे चालला? गंमत इथे आहे. तो चालला गोदामात! अमेरिकेत वॉलमार्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत हजारो फोर्कलिफ्ट हायड्रोजनवर फिरतात. तीन पाळ्यांचं काम, बॅटरी बदलायला वेळ नाही, टाकी दोन-तीन मिनिटांत भरते, पंप गोदामातच. गाडी आवाराबाहेर जातच नाही, त्यामुळे वाटेत इंधन मिळेल का ही धास्ती नाही. सोबतीला सरकारी करसवलत. एवढं सगळं जुळूनही हे यंत्र पुरवणाऱ्या प्लग पॉवरने आजवर वर्षाअखेर नफा काही पाहिला नाही, ते वेगळं.

म्हणजे देशात फ्युएल सेलसाठी योग्य जागा शोधायची तर ती भिवंडीच. इथे गोदामं आहेत, तीन पाळ्या आहेत; अ‍ॅमेझॉन आहे, वॉलमार्टच्या मालकीची फ्लिपकार्टही आहे. फक्त एक अडचण आहे. मोठ्या चकचकीत गोदामांत विजेचे फोर्कलिफ्ट फिरतात, पण जुन्या गाळ्यांत गठ्ठा अजून हमालाच्या पाठीवरून उतरतो. त्या पाठीला प्लॅटिनम लागत नाही, ३५० पट दाबाची तिला सवय आहे आणि इंधन म्हणून वडापाव-चहा पुरतो. १९६९ चा माथाडी कायदा तिच्यासाठी झाला; तो सगळ्या गाळ्यांपर्यंत पोचला का, हे पाहायला मात्र कुणी झेंडा दाखवत नाही. या पाठीहून स्वस्त फ्युएल सेल जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला काढता येणार नाही, आणि आपल्या औद्योगिक प्रगतीबद्दल याहून लाजिरवाणं वाक्य मला सुचत नाही.

हायड्रोजन टाकाऊ आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. देशात आजही वर्षाला पन्नास लाख टनांहून जास्त हायड्रोजन खपतो, पण तो जवळपास सगळा नैसर्गिक वायूतून काढलेला, कार्बन ओकत. तो जातो खतात आणि रिफायनऱ्यांत. चेंबूरचा आणि अलिबागजवळच्या थळचा आरसीएफचा खत कारखाना, माहुलच्या रिफायनऱ्या, ही त्याची आपल्याकडची जुनी गिऱ्हाइकं. त्यांना हायड्रोजनशिवाय दुसरं काही चालतच नाही. ट्रकला डिझेल चालतं, वीज चालते, उद्या आणखी काही चालेल. तेव्हा हिरवा हायड्रोजन जो काही थोडाथोडका निघेल तो आधी चेंबूरला आणि थळला द्यावा. भिवंडीच्या ट्रकवाल्याकडे यायचंच असेल तर झेंडा घरी ठेवून यावं आणि पंपावरचा किलोचा भाव पाटीवर लिहून आणावा. पुढचं गणित तो उभ्या उभ्या करील.