‘असूनही’ची तहकीकात

मौजे बेलवली येथे ज्याचे वास्तव्य आहे, त्याला हेतू आणि परिणाम यांतील भेद कोणा शास्त्र्याने समजावून देण्याची गरज नसते. कारण येथल्या भुयारी मार्गात पावसाळ्यात जे पाणी साचते, त्याचा चाकरमान्यांची गाडी चुकवण्याचा यत्किंचितही उद्देश नसतो, आणि तरीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन चाललेल्या इसमाने पाण्याच्या निर्मळ अंतःकरणाचा गौरव केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ही दृष्टी मात्र अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कचेरीत पाऊल टाकताच लोप पावते. गेल्या महिन्यात आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी नव्या हिशेबनीस बाईंच्या टिपणावर सही करता करता, चष्मा कपाळावर सारून, अत्यंत प्रसन्न मुद्रेने उद्गार काढले, “सिंधी असूनही किती शुद्ध मराठी लिहिता हो तुम्ही!” बाईंचा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला, शिक्षण मराठी शाळेतले. कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर असे नामकरण झाले ते १९४९ साली. एवढ्या अवधीत ऱ्हस्व-दीर्घ येऊ शकते. त्या काही बोलल्या नाहीत. पेनाचे टोपण तेवढे दोनदा लावून दोनदा काढले.

“चुकलं माझं, बाई,” एवढ्याने जे मिटले असते, त्यासाठी समिती नेमण्यात आली. तिने तीन बैठकांत, बटाटेवड्यांच्या साक्षीने, साहेबांच्या हेतूची तहकीकात करून तो निष्कलंक ठरवला. बाईंना काय वाटले, हे नोंदवण्यास विहित नमुन्यात रकाना नव्हता. मग परिपत्रक निघाले: ‘हेतू शुद्ध असूनही, कर्मचाऱ्यांनी यापुढे “असूनही” हा शब्द वापरू नये.’

अर्थात दोष एकट्या आमच्या कचेरीचा नव्हे. २०२२ साली पुण्यात एका बँकेच्या प्रशिक्षणवर्गात एका अधिकाऱ्याने सहकारी महिलेच्या लांब केसांवरून जेसीबीचा विनोद केला आणि ‘दो रास्ते’मधले रेशमी केसांचे गाणे गुणगुणले, त्यावरून अंतर्गत समिती, पदावनती आणि औद्योगिक न्यायालय अशा पायऱ्या चढत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले, आणि मार्च २०२५ मध्ये, हा लैंगिक छळ ठरत नाही, असा निकाल लागला. निकाल मला मान्य आहे. परंतु गुन्हा नाही म्हणजे काहीच घडले नाही, असा त्याचा अर्थ लावणारे विद्वान आमच्या कचेरीत दुसऱ्याच दिवशी निपजले, हे सखेद नमूद करतो.

पुढे पगारपत्रक तपासताना बाई सहज म्हणाल्या, “साहेब, मराठी असूनही तुमचा हिशेब अगदी चोख असतो!”

त्याच दुपारी साहेबांचा लेखी तक्रारअर्ज दाखल झाला. बाईंचा हेतू काय होता, हा प्रश्न येथे गैरलागू असून आपल्या मनाला लागले एवढे पुरेसे आहे, असे त्यात दुसऱ्याच परिच्छेदात, लाल शाईने अधोरेखित करून म्हटले आहे.