नानाकाका आणि दोन भाऊ

सिनेमात दोन भाऊ दिसले, एकाच्या हातात पुस्तक आणि दुसऱ्याच्या हातात दगड दिसला, की नानाकाका खुर्ची टीव्हीजवळ ओढतात. आता हा माणूस निराश होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यालाही असतं. पण निराश होण्यात त्याला जी तरतरी येते, ती चहाने येत नाही.

काकांची फूटपट्टी एकच. 'दीवार', १९७५. अमिताभ गोदीतला हमाल, मग स्मगलर. शशी कपूर इन्स्पेक्टर. मधे निरुपा रॉय. यातला धाकटा शशी कपूर प्रत्यक्षात थोरल्या अमिताभपेक्षा चार वर्षांनी मोठा आणि माउली निरुपाबाई अमिताभहून बारा वर्षांनीही मोठ्या नव्हत्या, असं मी एकदा म्हणालो. "पडद्यावर जन्मतारीख विचारत नाहीत," काका गुरगुरले. मात्र 'गंगा जमना'त दिलीपकुमारसमोर पोलीस म्हणून त्याचा सख्खा भाऊ नासिर खानच उभा होता, हे ते न विचारता सांगतात. तिथे जन्मदाखला चालतो.

आता थोडं घरचं. माझे बाबा काकांचे धाकटे बंधू आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. काका खालच्या मजल्यावर, आम्ही वर. काकांनी गॅलरी बंद करून तिची खोली केली, तेव्हा बाबांनी नोटीस काढली. लेटरहेडवर, 'महोदय' घालून. काकांनी पोच दिली आणि सहीखाली लिहिलं, 'चि. रवीस आशीर्वाद.' बाबांचं नाव रवी नाही. शशी कपूरचं 'दीवार'मध्ये होतं. शिवाय आजी आमच्याकडे राहते, हे या प्रकरणातलं सगळ्यात दुखरं कलम. शशी कपूरचं ते चार शब्दांचं उत्तर बाबांना कधी द्यावंच लागत नाही. आजी वरून "नाना, जेवलास का रे?" अशी हाक मारते, तेवढ्यात भागतं.

परवा मी 'ब्लड टाइज' लावला. २०१३चा, गियोम काने या फ्रेंच दिग्दर्शकाचा. १९७४चं ब्रुकलिन, तुरुंगातून सुटलेला क्लाइव्ह ओवेन आणि त्याला घरात घेणारा पोलीस भाऊ बिली क्रूडप. खरं सांगायचं तर सिनेमा रटाळच आहे. कल्ले छान, गाड्या लांबलचक, मारियाँ कोतियार आणि मिला कुनिससारख्या नट्या रांगेने येतात. पण कुणालाच कुठे पोचायची घाई नाही. एका चांगल्या भांडणाला इतकी पात्रं लागत नाहीत. मूळ फ्रेंच सिनेमात पोलीस भावाचं काम खुद्द कानेनेच केलं होतं, ही माहिती मी पुरवली. "मग याला कळायला हवं होतं," काका म्हणाले.

"काय?"

"आई कुठाय?"

"आई नाही, काका. सोडून गेलेली. वडील आहेत, आजारी. जेम्स कान."

काकांनी चष्मा काढला. "मग हे दोघे भांडणार कशावरून? वाटणीला काहीतरी नको? वडील काय, दोघांनाही नकोच असतात."

शेवटी थोरला आपल्यावर काय बेतेल ते न बघता धाकट्याचा जीव वाचवतो. काकांनी बाबांकडे अर्थपूर्ण नजर टाकली. बाबांनी सोसायटीची फाइल उघडली.

"दुसरा लाव," काका ताजेतवाने होऊन म्हणाले. मी म्हटलं, 'वी ओन द नाइट' आहे, २००७चा. एक भाऊ नाइटक्लब चालवतो, दुसरा पोलीस.

"आणि आई?"

"यातही वडीलच. रॉबर्ट डुव्हाल. तेही पोलीस."

"अरे, अमेरिकेतल्या आया गेल्या कुठे?"

"अमेरिकेतल्या राहू देत," आतून आजी म्हणाली. "इथली झोपायला चाललीय. आवाज कमी करा. आणि नाना, त्या गॅलरीचं काय ते एकदा बघ."

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "निरुपा रॉय असं कधीच म्हणाली नसती."